आत्याची युरोप सहल आणि माझी परत आलेली सिनॉप्सिस

पेट झाली, इंटरव्ह्यूची तारीख आली आणि आता "ताई, विषय काय घेऊ?" असे मेसेज मला आठवड्यातून दोन-तीन तरी येतात. खरं सांगायचं तर विषय सगळ्यांकडे असतो. हवामान बदल, प्रदूषण, पर्यटन, पाणी. नसतो तो प्रश्न. या दोन गोष्टींतला फरक मला समितीने समजावून सांगितला होता, पण तो कळला मात्र माझ्या नाशिकच्या आत्यामुळे. आज तीच गोष्ट सांगते.

माझी पहिली सिनॉप्सिस "हवामान बदलाचा पर्यटनावरील परिणाम : एक अभ्यास" अशी होती. चाळीस पानं. ती परत आली. समासात लाल पेनाने एकच ओळ होती : "व्हेरिएबल्स कुठे आहेत?" मी चार दिवस रुसून बसले. मला वाटलं, एवढा मोठा विषय, एवढं वाचन, आणि यांना व्हेरिएबल्स दिसत नाहीत?

त्याच आठवड्यात आत्याचा फोन आला. आत्या गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाली. तिने आणि काकांनी एक सहल बघून ठेवली होती. जर्मनीत मोझेल नावाच्या नदीकाठी, ट्रिअर ते कोब्लेन्झ. दिवसा गाईडबरोबर इलेक्ट्रिक सायकलवरून द्राक्षमळ्यांतून फिरायचं, संध्याकाळी नदीतल्या बोटीवर जेवायचं आणि झोपायचं. सामान बोटीतच राहतं आणि बोट पुढच्या गावाला जाऊन थांबते. पैसे निवृत्तीच्या रकमेतून जाणार होते, त्यामुळे आत्या खात्री केल्याशिवाय बुकिंग करणार नव्हती.

"अगं, तू एवढी शिकतेस ना, मग मला तीन गोष्टी सांग. सायकलची बॅटरी दिवसभर पुरेल का? बोट मध्येच अडकणार नाही ना? आणि झाडावर द्राक्षं बघायची असतील तर कधी जायचं?"

माझ्या चाळीस पानांत नव्हते तेवढे व्हेरिएबल्स या तीन वाक्यांत होते. एकेक बघू.

पहिला प्रश्न : बॅटरी पुरेल का?

आधी यंत्र समजून घेऊ. युरोपात ज्या इलेक्ट्रिक सायकलला कायद्याने साधी सायकल मानतात, तिची मोटर सतत २५० वॅटपेक्षा जास्त ताकदीची नसते आणि ताशी २५ किमी वेगाला तिची मदत बंद होते. महत्त्वाचं म्हणजे, पॅडल मारलं तरच मोटर चालते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे. बॅटरी साधारण ५०० वॅट-तासांची धरू.

आता अंदाज. आत्या आणि सायकल मिळून ९५ किलो. वेग ताशी १८ किमी, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. सपाट रस्त्यावर दोन गोष्टी मागे ओढतात : चाकांचं रस्त्याशी घर्षण आणि हवा. नेहमीचे गुणांक घेतले तर घर्षण साधारण ६.५ न्यूटन आणि हवेचा रोध साधारण ९ न्यूटन येतो. बेरीज १५.५ न्यूटन. याला वेगाने गुणलं की ७८ वॅट. म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४.३ वॅट-तास ऊर्जा.

दिवसाला ४५ किमी धरले तर १९४ वॅट-तास. यातलं अर्धं काम आत्याचे पाय करतील असं मी धरलं. उरलेले ९७ मोटरने द्यायचे आणि मोटरची कार्यक्षमता पाऊण धरली, तर बॅटरीतून सुमारे १३० वॅट-तास जातील. मध्येच एखाद्या टेकडीवरचा किल्ला बघायला २५० मीटर चढावं लागलं तर? वजन गुणिले गुरुत्व गुणिले उंची, म्हणजे ६५ वॅट-तास. सगळं मोटरवर टाकलं तरी बॅटरीतून नव्वदच्या आसपास. एकूण २२० वॅट-तास. निम्मी बॅटरीसुद्धा संपत नाही.

नदीकाठचा रस्ता तर जवळजवळ सपाटच. ट्रिअर ते कोब्लेन्झ नदीच्या वाटेने सुमारे १९५ किमी आणि एवढ्या अंतरात नदी साठ-सत्तर मीटरच उतरते. किलोमीटरला साधारण एक फूट. आपल्या पायाला हा उतार कळतसुद्धा नाही.

मी खूश होऊन फोन लावणार होते. तेवढ्यात एक गोष्ट करून बघितली, जी तुम्ही प्रत्येक गणितानंतर करावी अशी माझी विनंती आहे. उत्तर ज्या गृहीतकांवर उभं आहे, ती एकेक करून हलवून बघायची. यालाच सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणतात. नाव भारी आहे, काम साधं.

मी वारा हलवला. समोरून सेकंदाला फक्त ४ मीटर वारा, म्हणजे घरातले पडदे हलतील एवढाच. हवेचा रोध सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ९ न्यूटनचे एकदम २९ झाले. किलोमीटरला ४.३ ऐवजी जवळजवळ १० वॅट-तास. ४५ किलोमीटरला अडीचशे वॅट-तासांची जादा भर! आणि ज्या टेकडीची आत्याला भीती होती, तिची भर फक्त ६५.

मला स्वतःला हे अपेक्षित नव्हतं. आपण चढाला घाबरतो, कारण चढ डोळ्यांना दिसतो. वारा दिसत नाही. संशोधनातही असंच होतं. जो घटक ठळक दिसतो त्याच्यावर आपण एक प्रकरण लिहितो आणि जो खरा परिणाम करतो तो "इतर घटक स्थिर मानले" या वाक्यात गाडला जातो. सुदैवाने मोझेल नदी इतकी वळणं घेते की दिवसभर एकाच बाजूचा वारा तोंडावर येणं अवघड आहे. कोब्लेन्झ आणि ट्रिअर यांच्यातलं सरळ अंतर नदीच्या वाटेच्या साधारण निम्मं आहे.

दुसरा प्रश्न : बोट अडकणार नाही ना?

आत्याने कुठेतरी वाचलं होतं की युरोपातल्या नद्या उन्हाळ्यात आटतात आणि बोटीतल्या प्रवाशांना बसमध्ये बसवावं लागतं. हे खरं आहे. २०१८ साली असं झालं होतं. ऱ्हाईन नदीवर काउब नावाचं एक गाव आहे, तिथल्या पाणीपातळीवर मालवाहू जहाजांपासून सहलीच्या बोटींपर्यंत सगळ्यांची नजर असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथला आकडा २५ सेंटिमीटरवर आला.

२५ सेंटिमीटर! म्हणजे गुडघ्याच्याही खाली? मग जहाजं चालली कशी?

इथे थांबा. हा आकडा म्हणजे नदीची खोली नाही. मोजपट्टीचा शून्य नदीच्या तळाला लावलेला नाही. काउबला मोजपट्टी ७८ सेंटिमीटरच्या आसपास असते तेव्हा जहाजांच्या वाटेत सुमारे १.९ मीटर पाणी असतं. म्हणजे आकड्यात साधारण १.१ मीटर मिळवायचे. २५ सेंटिमीटरला सुद्धा जवळपास १.४ मीटर पाणी होतं. रिकामं किंवा अर्धं भरलेलं जहाज त्यातून सावकाश जातं, पूर्ण भरलेलं अडकतं. हातात आलेला कुठलाही डेटा वापरण्याआधी "याचा शून्य कुठे आहे?" हे विचारायचं. मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर हे वाक्य लिहून ठेवलंय.

पण आत्या ऱ्हाईनवर जात नव्हती, मोझेलवर जात होती. आणि या दोन नद्या कोब्लेन्झला एकमेकींना मिळत असल्या तरी स्वभावाने अगदी वेगळ्या आहेत.

काउबजवळची ऱ्हाईन मोकळी वाहते, तिथे बंधारे नाहीत. पाऊस कमी, बर्फ कमी, की पातळी खाली. मोझेलचं तसं नाही. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांनी १९५६ मध्ये करार केला आणि नदीवर बंधारे बांधून ती मोठ्या जहाजांसाठी तयार केली. १९६४ मध्ये ती खुली झाली. कोब्लेन्झपासून ट्रिअरपर्यंत असे दहा बंधारे आहेत. प्रत्येकाच्या बाजूला लॉक असतं, म्हणजे पाण्याची लिफ्टच म्हणा. बोट दालनात शिरते, दारं बंद होतात, पाणी सोडलं की बोट खालच्या पातळीला येते, पुढचं दार उघडतं. दोन बंधाऱ्यांच्या मधलं पाणी जिन्याच्या पायरीसारखं एका पातळीवर अडवून ठेवलेलं असतं. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यातही इथे बोट चालते.

मग मोझेल सुरक्षित? तसंही नाही. ८ डिसेंबर २०२४ ला म्युडेन गावाजवळच्या लॉकच्या दारावर एक मालवाहू जहाज आदळलं. दार निकामी झालं. मोठ्या जहाजांना दुसरी वाट नव्हती, त्यामुळे सत्तरच्या आसपास जहाजं अडकली आणि दुरुस्तीला सुमारे दोन महिने लागले. नदीत पाणी भरपूर होतं. फक्त एक दार नव्हतं.

आता माझ्या शीर्षकाकडे बघा : "हवामान बदलाचा पर्यटनावरील परिणाम". समजा मी ऱ्हाईनवरच्या आणि मोझेलवरच्या रद्द झालेल्या सहली एकाच तक्त्यात टाकल्या असत्या आणि सरासरी काढली असती. काय कळलं असतं? काहीच नाही. एका नदीवर बोट थांबते ती पाऊस न पडल्यामुळे, दुसरीवर थांबते ती एखादं यंत्र मोडल्यामुळे. परिणाम तोच, कारणाची वाट वेगळी. नमुना निवडताना "या सगळ्यांत कारण एकाच वाटेने काम करतंय का?" हे विचारलं नाही, तर पुढचं सगळं सांख्यिकी पाण्यात.

आणखी एक गंमत. ज्या २०१८ च्या उन्हाळ्याने ऱ्हाईनवरची जहाजं थांबवली, त्याच उन्हाळ्याने जर्मनीच्या द्राक्षमळ्यांत लवकर आणि भरघोस पीक दिलं. बोटवाल्याला नुकसान, वाईनवाल्याला चांगलं वर्ष. त्यामुळे नुसतं "परिणाम" म्हणून भागत नाही. कशाचा, कोणावर, कशात मोजलेला, हे सांगितल्याशिवाय तो व्हेरिएबल होत नाही. लाल पेनातल्या ओळीचा अर्थ मला इथे लागला.

तिसरा प्रश्न : द्राक्षं कधी बघायला मिळतील?

नाशिकची आत्या म्हणाली, "आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये घड उतरवतात, तिकडे तेव्हा बर्फ असेल ना?" बरोबर. मोझेलला वेली हिवाळ्यात झोपतात आणि काढणी शरद ऋतूत होते. तिथली मुख्य जात रीसलिंग, जी उशिरा पिकते. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत घड झाडावर बघायला मिळतात.

पण इतक्या उत्तरेला द्राक्षं पिकतातच कशी? मोझेलचा हा भाग सुमारे ५० अंश अक्षांशावर आहे, नाशिक २० वर. याचं उत्तर उतारात आहे. २२-२३ सप्टेंबरला भरदुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून फक्त ४० अंश वर असतो. सपाट जमिनीवर ऊन तिरकं पडतं आणि सरळ पडणाऱ्या उन्हाच्या ६४ टक्केच मिळतं. पण दक्षिणेकडे तोंड केलेला ५० अंशांचा उतार असेल तर तेच ऊन काटकोनात पडतं, पूर्ण शंभर टक्के. म्हणजे दीडपटीहून जास्त! त्याच दिवशी नाशिकच्या सपाट बागेला ९४ टक्के मिळतं. नाशिकला जे अक्षांशाने फुकट दिलंय, ते मोझेलच्या शेतकऱ्याने डोंगर निवडून मिळवलंय. ब्रेम गावाजवळचा कॅल्मोंट उतार तर काही ठिकाणी ६५ अंशांपर्यंत जातो. ट्रॅक्टर चालत नाही, माणसं चढून हाताने काम करतात. सायकलवरून मान वर करून बघायचं ते हेच.

आता काढणीच्या तारखेकडे येऊ, कारण इथे संशोधनाची सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. फ्रान्सच्या बर्गंडी भागात बोन नावाचं गाव आहे (जर्मनीचं बॉन वेगळं). तिथल्या द्राक्षकाढणीच्या तारखा १३५४ पासून २०१८ पर्यंत जुळवून तोमा लाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. साडेसहाशेहून जास्त वर्षं! तेव्हा थर्मामीटर कुठे होता? पण काढणीला आलेल्या मजुरांना दिलेल्या पगाराच्या नोंदी होत्या, नगर परिषदेच्या बैठकांची टिपणं होती, पुढे वर्तमानपत्रं आली. वसंत आणि उन्हाळा गरम तर द्राक्षं लवकर पिकणार, थंड तर उशिरा. म्हणून काढणीची तारीख हा तापमानाचा अप्रत्यक्ष मापक ठरतो. याला प्रॉक्सी म्हणतात. त्यांना दिसलं ते असं : १९८७ पर्यंत काढणी सरासरी २८ सप्टेंबरला सुरू व्हायची, १९८८ पासून ती सरासरी १३ दिवस आधी होते.

पण प्रॉक्सी म्हणजे साक्षीदार, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. काढणीची तारीख सूर्य ठरवत नाही, माणूस ठरवतो. युद्ध आलं, साथ आली, मजूर मिळाले नाहीत, लोकांना जास्त पिकलेल्या द्राक्षांची वाईन आवडू लागली, तरी तारीख सरकते. म्हणूनच या अभ्यासकांनी आपली मालिका पॅरिसच्या दीर्घ तापमान नोंदींशी ताडून बघितली. आणि बोनची तारीख उचलून मोझेलला लावता येत नाही. जात वेगळी, माती वेगळी, अक्षांश वेगळा. बोनकडून मी तारीख घेतली नाही, विचार करायची पद्धत घेतली.

आत्याने पकडलेली चूक

सगळी तयारी करून मी आत्याला फोन केला. बॅटरी निम्मीसुद्धा लागणार नाही, मोझेलवर पाणी कमी पडणार नाही, सप्टेंबरचा शेवट धर. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुझ्या गणितात मी अर्धं पॅडल मारतेय. हे कोणी ठरवलं?"

मी गप्प. आत्याच्या उजव्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय. तिने तीस वर्षांत सायकल चालवलेली नाही. मी वारा हलवून बघितला, टेकडी हलवून बघितली, पण "अर्धं" हा आकडा मी सहज टाकला होता आणि परत त्याच्याकडे बघितलंच नाही. आणि पॅडल मारल्याशिवाय ती मोटर चालतच नाही. खरा प्रश्न बॅटरीचा नव्हताच, गुडघ्याचा होता. आत्याने तो बॅटरीच्या नावाखाली विचारला होता.

मग आम्ही जे केलं त्याला तुमच्या भाषेत पायलट स्टडी म्हणतात. डॉक्टरांना विचारून ती फिजिओथेरपिस्टकडच्या सायकलवर बसायला लागली, जिथे वॅटचा आकडा दिसतो. पहिल्या आठवड्यात १५ वॅटलाच दम लागला. दीड महिन्याने ३० वॅट, वीस मिनिटं, न दुखता. मी ७८ पैकी ३० तिचे आणि ४८ मोटरचे धरून गणित परत मांडलं. बॅटरीतून सपाट रस्त्याला सुमारे १६०, टेकडी धरून अडीचशेच्या आसपास वॅट-तास. अजूनही निम्मीच. पण आता हा आकडा माझ्या मनातला नव्हता, तिच्या पायातला होता.

आत्याने सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग केलं. ज्या दिवशी दमेल त्या दिवशी सायकल बोटीवर आणि आपण डेकवर, असं तिनेच ठरवलंय.

आणि माझी सिनॉप्सिस? बोनच्या तारखा वाचताना डोक्यात आलं की नाशिकला ऑक्टोबर छाटणीची तारीख शेतकरी स्वतः ठरवतो आणि बरेच जण ती डायरीत लिहितात. म्हणजे इथे काढणीच्या नुसत्या तारखेला फारसा अर्थ नाही, पण छाटणीपासून काढणीपर्यंत किती दिवस लागले याला आहे. माझं नवीन शीर्षक : "नाशिक जिल्ह्यातील निवडक द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणी ते काढणी हा कालावधी आणि त्या काळातील तापमान यांचा संबंध". चाळीस पानांची अकरा पानं झाली. समितीने दोन सूचना देऊन मंजूर केली.

इंटरव्ह्यूला जायच्या आधी एक काम करा. तुमचा विषय घरातल्या अशा माणसाला सांगा ज्याचा त्या विषयात स्वतःचा पैसा, शेत किंवा गुडघा अडकलाय. ते जे प्रश्न विचारतील ते लिहून घ्या. आणि तुम्ही उत्तर देताना कुठला आकडा सहज बोलून गेलात, त्याच्याखाली लाल पेनाने रेघ मारा. बहुतेक वेळा तुमचा प्रश्न त्या रेघेवरच असतो.